पोटरी दुखायची थांबली, पण ती ४२ किलोमीटरला तयार आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४४, राहायला पुण्यात. दोन अर्धमॅरेथॉन झाल्यात, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदाच पूर्ण ४२.१९५ किलोमीटर पळायचं ठरवलंय. शर्यतीला २५ दिवस असताना, बुधवारी सकाळी ट्रॅकवर ८०० मीटरच्या जोरदार फेऱ्या मारताना पाचव्या फेरीला उजव्या पोटरीवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. लंगडत बाहेर आलात. सोनोग्राफीत पोटरीच्या आतल्या बाजूला बारीक फाट दिसली, डॉक्टरांनी ग्रेड १, म्हणजे सर्वांत सौम्य प्रकार, सांगितलं. आज आठ दिवस झाले, चालताना काहीच दुखत नाही, १७ दिवस हातात आहेत. ३० किलोमीटरचे दोन लाँग रन आधीच झालेत. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी हीच पोटरी एकदा धरली होती. तर पळू की नको?

मी १९ वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत धावणारेच जास्त. डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. आज मी तुम्हाला "बिनधास्त पळा" म्हणणार नाही आणि "नाव काढून टाका" असंही म्हणणार नाही. माझा कल "नको"कडे आहे, हे मात्र आधीच सांगते. त्याचं मुख्य कारण तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलेलं वाक्य आहे. एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याची शक्यता जास्त असते, आणि पोटरीच्या बाबतीत वय आणि आधीची दुखापत या दोन गोष्टी सगळ्यांत वजनदार. तुमच्याकडे दोन्ही आहेत. त्यात ही पहिली पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ३२ किलोमीटरनंतर तुमचं शरीर कसं वागतं हे अजून तुम्हालाच माहीत नाही. तरीही दार बंद झालेलं नाही. निर्णय शर्यतीच्या आधीच्या सोमवारी सकाळी घ्यायचा. आज नाही, आणि पहाटे सीएसएमटीसमोर बिब (छातीवरचा धावक क्रमांक) लावून उभं राहिल्यावर तर मुळीच नाही. तिथे गर्दी असते, ढोल असतात, अंगात वारं शिरलेलं असतं. तिथे उभा राहून आजवर कुणी "नको" म्हटलेलं मी पाहिलेलं नाही.

"दुखत नाही" यावर तुमचा सगळा भरवसा आहे, म्हणून आत काय चाललंय ते आधी सांगते. स्नायूचे तंतू तुटले की पहिले काही दिवस तिथे रक्त साचतं, सूज येते, शरीर तुटकंफुटकं साफ करतं. दुखतं ते प्रामुख्याने याच काळात. मग नवे तंतू तयार व्हायला लागतात आणि सोबत जोडकामाचा चट्टाही तयार होतो. आठव्या दिवशी तुम्ही नेमके इथे आहात. सूज ओसरली म्हणून कळ गेली, पण जोड कोवळा आहे. ताज्या प्लास्टरवर बोट फिरवलं तर ते कोरडं लागतं, म्हणून त्यात कुणी खिळा ठोकत नाही. त्या जोडाला खेचण्याची, ताणण्याची, पुन्हा पुन्हा भार घेण्याची सवय लागायला कित्येक आठवडे जातात. ग्रेड १ ला साधारण दोन ते तीन आठवडे म्हणतात, ग्रेड २ ला चार ते आठ. पण हे आकडे सर्वसाधारण धावण्याकडे परतण्याचे आहेत. ४२ किलोमीटर म्हणजे सर्वसाधारण धावणं नव्हे.

एक साधा हिशेब करून बघा. तुम्ही साडेचार तासांचं लक्ष्य धरलंय. मिनिटाला १७० पावलं पडतात असं मानलं तर २७० मिनिटांत ४५,९०० पावलं होतात. त्यातली निम्मी, म्हणजे जवळजवळ २३,००० वेळा, ती उजवी पोटरी तुमचं अख्खं शरीर एकटी पेलून पुढे ढकलणार. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं न दुखता चाललात, ही त्यापुढे फारच छोटी साक्ष झाली.

पोटरी म्हणजे एकच स्नायू नाही, आणि या फरकावर तुमचा निम्मा निर्णय अवलंबून आहे. वर दिसतो तो दोन फुगवट्यांचा गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून निघतो आणि टाचेपर्यंत जातो, म्हणजे दोन सांधे ओलांडतो. उडी, झेप, वेग, चढावर दिलेला जोराचा रेटा ही त्याची कामं. त्याच्या खाली चपटा, रुंद सोलियस असतो. त्याची सुरुवात गुडघ्याच्या खाली होते आणि तो तासन्‌तास राबणारा स्नायू आहे. संथ लयीत लांब पळताना खरं ओझं तोच वाहतो. धावताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो असा अंदाज आहे. गॅस्ट्रोक्नेमियस फाटतो तेव्हा तुम्हाला झालं तसंच होतं: वेगात असताना, एका क्षणी, दगड लागल्यासारखं. सोलियसचं दुखणं चोरपावलांनी येतं. एक जडपणा, खोलवर आवळल्यासारखं. पहिले तीन-चार किलोमीटर काही नाही, मग हळूहळू पोटरी दगडासारखी होते. लोक "चोळून घेतलं की जाईल" म्हणत महिनाभर काढतात.

तुमची दुखापत वरच्या स्नायूच्या आतल्या फुगवट्यात आहे, आणि मॅरेथॉनच्या दृष्टीने दोघांतली ही बरी. ज्या वेगात ती झाली तो वेग तुम्हाला शर्यतीत लागणारच नाही. सोलियसची दुखापत असती आणि १७ दिवस उरले असते, तर मी पुढचं काही न लिहिता "नको" म्हटलं असतं. पण सोनोग्राफीत सोलियस बऱ्याचदा निसटतो, एमआरआयमध्ये जास्त नीट दिसतो. त्यामुळे तो शाबूत आहे याची खात्री तुमची तुम्हालाच करावी लागेल. कशी, ते पुढे सांगते.

त्याआधी दोन-तीन गोष्टी बाजूला काढू. दुखापतीनंतर तुम्ही रात्रभराचा बसप्रवास केलात असं लिहिलंय. पोटरीला एकसारखी सूज असेल, ती गरम लागत असेल, नुसतं बसलं असतानाही ठणकत असेल, तर हा रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचा प्रकार असू शकतो. तेव्हा मालिशवाल्याकडे नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी, करून घ्यायची. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तडक रुग्णालय गाठायचं. दुसरं, गेल्या महिना-दोन महिन्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलंय का ते आठवा. या प्रतिजैविकांनी टाचेची शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, कमजोर होऊ शकते. घेतलं असेल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांशी बोला. तिसरं म्हणजे कंबर. पोटरीतली कळ पुढे वाकल्यावर, खोकल्यावर किंवा खूप वेळ बसल्यावर वाढत असेल, तर ती कंबरेतून उतरलेली असू शकते. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही, पण "पोटरी दुखते" म्हणून आलेल्या लोकांत मला हे अधूनमधून सापडतं.

आणि कृपा करून जोरजोरात तेल लावून रगडणं थांबवा. घरातली मोठी माणसं मायेने सांगतात, "शीर चढलीय, चोळून मोकळी करू." गोळा आला असेल तर चोळल्याने बरं वाटतं, कारण तिथे काही फाटलेलं नसतं. इथे फाटलंय. कोवळ्या जोडावर अंगठा रुतवला की तो पुन्हा उसवतो.

आता पायाची परीक्षा. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या होत्या, तुमच्यासारखीच दुखापत, तीन आठवडे झालेल्या. "मी एकदम ठणठणीत आहे" असं दारातूनच सांगत आल्या. त्यांना भिंतीसमोर उभं केलं, आधाराला दोन बोटं भिंतीवर, अनवाणी, एका पायावर. गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचलायची, चवड्यावर यायचं, हळू खाली. साधारण दोन सेकंदांना एक. डाव्या पायावर २६ झाले. उजव्या पायावर आठव्यापर्यंत सगळं छान होतं. नवव्याला अंगठ्याकडचा भार करंगळीकडे सरकला. अकराव्याला टाच आधीच्या उंचीच्या निम्म्यावरच थांबली आणि नकळत कंबर पुढे झुकली. चौदाव्याला थांबल्या. या सगळ्यात दुखलं एकदाही नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, कारण पाय दुखत नसूनही निम्म्या ताकदीवर आलाय हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

हेच तुम्ही आज घरी करा. आधी चांगला पाय, मग दुखावलेला. कुणाला तरी बाजूला बसून टाचेची उंची बघायला सांगा, आपल्याला स्वतःला ते कळत नाही. चांगल्या पायावर किमान पंचवीसच्या आसपास यायला हवेत, आणि उजवा त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत. मग थोडी विश्रांती घेऊन हेच पुन्हा, पण गुडघा किंचित वाकवून. गुडघा वाकला की वरचा स्नायू सैल पडतो आणि काम सोलियसवर येतं. इथे दोन्ही पायांत मोठा फरक दिसला, किंवा खोलवर जडपणा आला, तर तुमची दुखापत सोनोग्राफीत दिसली तेवढीच नाही असं समजा.

ही परीक्षा पास झालात तर एका पायावर जागच्या जागी लहान उड्या, वीस. आवाज ऐका: दोन्ही पायांचा "टप टप" सारखा यायला हवा. दुखावलेल्या पायाचा आवाज जड येतो, कारण स्नायू धक्का झेलत नाही आणि टाच आपटते. आपल्याकडची आणखी एक घरगुती परीक्षा मला फार उपयोगी वाटते. टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसा आणि उठा. उजवी टाच उचलली जात असेल तर पोटरी अजून आखडलेली आहे.

हे सगळं जमेपर्यंत पळायचं नाही, फक्त भरभर चालायचं, ४५ मिनिटं. सायकल चालवा, पोहायला येत असेल तर खोल पाण्यात धावण्याच्या हालचाली करा. दम टिकतो. दोन आठवड्यांत दमसास अगदी थोडा कमी होतो, आणि तसंही शेवटचे दोन-तीन आठवडे प्रत्येक जण पळणं कमीच करतो. तुमचे ३० चे दोन रन खात्यात जमा आहेत. "सराव बुडाला" या भीतीने घाई करणारेच मी सर्वांत जास्त वेळा परत आलेले पाहिलेत. सराव इतक्या लवकर बुडत नाही.

आज गुरुवार आहे. परीक्षा जमल्या तर शनिवारी पहिल्यांदा पळा: एक मिनिट हलकं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. सपाट रस्त्यावर. तळजाई, वेताळ टेकडी सध्या नको. सोमवारी दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, पुन्हा दहा वेळा. बुधवारी सलग अर्धा तास, शुक्रवारी पाऊण तास. मधल्या दिवशी पळायचं नाही, फक्त टाचा उचलण्याचा व्यायाम आणि सायकल. मग शर्यतीच्या आधीच्या रविवारी १६ किलोमीटर, मॅरेथॉनच्याच वेगाने, वाटेत एखादा लांब चढ घेऊन. वेगाचे फेरे मधे अजिबात नकोत.

प्रत्येक वेळी खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. पलंगावरून उतरून न्हाणीघरापर्यंतची पहिली दहा-बारा पावलं. रात्रभर स्नायू थंड पडलेला असतो, कुणी बघत नसतं, डोक्यात अजून शर्यत शिरलेली नसते. त्या पावलांना दोन्ही पाय सारखे वाटले तर पुढची पायरी. ओढ जाणवली आणि चहा होईस्तोवर गेली, तर आधीचीच पायरी पुन्हा. पायरी पुन्हा करावी लागली की एक दिवस गेला, आणि तुमच्याकडे जास्तीचे दिवस नाहीत. दोनदा मागे यावं लागलं तर या वर्षीची शर्यत हातातून गेली असं समजा. ओढून-ताणून बसवायला जाऊ नका.

१६ किलोमीटर जमले म्हणजे ४२ जमतील का? नाही. १६ किलोमीटरने एवढंच कळतं की जोड रोजचा भार सोसतो. ३० किलोमीटरनंतर मांड्या थकतात, पावलं आखूड होतात, शरीर थोडं पुढे वाकतं आणि पोटरीला दर पावलाला जास्त काम पडतं. ती परीक्षा घरी घेता येत नाही. म्हणून सोमवारी सकाळी पाय अगदी स्वच्छ असला तरी मी तुम्हाला अट घालूनच जाऊ देईन.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलंय: "शर्यतीच्या सकाळी एक घेतली तर चालेल का?" नाही. यावर मी कुणाशीच तडजोड करत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतली की दुखापत कमी होत नाही, तिची बातमी तुमच्यापर्यंत पोचायची थांबते. शिवाय चार-पाच तास घाम गाळल्यावर मूत्रपिंडाला आधीच रक्तपुरवठा कमी पडत असतो, आणि ही औषधं तो आणखी कमी करतात. रक्तातलं सोडियम घसरण्याचा धोकाही वाढतो. जानेवारी असला तरी मुंबईची हवा दमट असते, आठ वाजल्यानंतर ऊनही लागतं. पुण्याच्या कोरड्या थंडीत केलेल्या सरावापेक्षा घाम कितीतरी जास्त जातो.

पॉला रॅडक्लिफचं उदाहरण मी दरवर्षी सांगते. २००३ मध्ये लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा जागतिक विक्रम केलेली ही ब्रिटिश धावपटू. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्ण तिचंच असं सगळे धरून चालले होते. शर्यतीच्या सुमारे दोन आठवडे आधी पायाला दुखापत झाली. सूज उतरवणारी औषधं मोठ्या प्रमाणात घेतली गेली, त्यांनी पोट बिघडलं, खाल्लेलं अंगी लागेना. ३६ किलोमीटरच्या आसपास ती थांबली, रस्त्याच्या कडेला बसून रडली. ते चित्र जगभर गेलं. पण त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, म्हणजे ११ आठवड्यांनी, ती न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या रेषेवर होती आणि २:२३:१० मध्ये जिंकलीसुद्धा. तिच्या दिमतीला उत्तम वैद्यकीय पथक होतं, आणि ऑलिंपिक चार वर्षांनी एकदाच येतं. तिने धोका का पत्करला ते मला समजतं. मुंबई मॅरेथॉन पुढच्या जानेवारीतही आहे.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, कारण ती या सगळ्या सल्ल्याच्या मुळाशी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही याच शर्यतीला अर्धवट बरी झालेली पोटरी घेऊन उतरले होते. चौथा आठवडा होता. टाचा उचलण्याची परीक्षा मी दुसऱ्यांची रोज घेत होते, स्वतःची घेतली नव्हती, कारण निकाल काय येणार ते आतून ठाऊक होतं. सी लिंकवर समुद्राचा वारा लागला तेव्हा वाटलं, सुटलो. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागला. हा चढ जाताना कळतही नाही, येताना पस्तिशीच्या पुढे तोच डोंगर होतो. अर्ध्या चढावर पावलाखालून जमीन गेल्यासारखं झालं. त्या वेळी आवाज आला की भास झाला, अजून सांगता येत नाही. एका काकूंनी मला फुटपाथवर बसवलं, हातात संत्र्याची फोड दिली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. जी दुखापत आणखी चार आठवड्यांत पूर्ण बरी झाली असती, तिच्यासाठी मला साडेचार महिने लागले. पहिले दहा दिवस जिना बसून उतरत होते. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, आणि मला तिला उचलून घेता येत नव्हतं. शर्यत हुकल्याचं दुःख मी विसरले. ते नाही विसरले.

आता सोमवारी सकाळी उत्तर "हो" आलं तर काय करायचं ते. वेळेचं लक्ष्य सोडून द्या, साडेचार तास विसरा. पहिल्या मिनिटापासून नऊ मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. दुखायला लागल्यावर चालायचं असं नाही, सुरुवातीपासूनच, मागून लोक ओलांडून जात असले तरी. कट-ऑफची वेळ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, बघून हिशेब आधी करून ठेवा. पेडर रोड लागेल तेव्हा चालत चढा, पूर्ण चढ. शर्यतीआधी पोटरी खेचून धरणारे लांब ताण देऊ नका, दहा मिनिटं चालून अंग गरम करा. आणि नवे बूट नकोत. शर्यतीआधीच्या मेळ्यात बिब घ्यायला गेलं की लोक तिथूनच पातळ टाचेचे, हलके बूट घेतात आणि रविवारी तेच घालतात. टाच जितकी खाली, पोटरी तितकी जास्त ताणली जाते.

थांबायचं कधी, हेही आजच ठरवा. दोन्ही पोटऱ्या सारख्याच जड झाल्या तर तो थकवा, चालत राहा. पोटरीत गोळा आला तर स्नायू हाताला टणक लागतो आणि पावलाचा पंजा आपल्याकडे ओढला की सुटतो. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, त्याच जुन्या जागी, चमक आली आणि ताण दिल्यावर ती वाढली, तर तिथे शर्यत संपली. तसंच लंगडणं. शंभर पावलं लंगडलात तर संपली. "फक्त पाचच किलोमीटर राहिलेत" हे वाक्य मनात आलं तरी संपली, कारण पाच किलोमीटर म्हणजे त्या पायाची अडीच-तीन हजार पावलं.

सी लिंकबद्दल मुद्दाम सांगते. एकदा पुलावर चढलात की मधूनच बाहेर पडायला वाट नाही. पुलाची लांबी साडेपाच किलोमीटरच्या वर आहे, आणि घरच्यांना तिथे येता येत नाही. म्हणून वरळीला, पुलावर चढण्याआधी, स्वतःला स्पष्ट विचारा. थोडीही शंका असेल तर तिथेच बाहेर या. घरच्यांना शेवटच्या रेषेवर उभं करू नका, वरळीत उभं करा. थांबण्याची हिंमत देणारं माणूस तिथे हवं. पट्ट्यात मोबाइल आणि शंभर-दोनशे रुपये ठेवा. मार्गाचा बराचसा भाग पश्चिम रेल्वेपासून फार लांब नाही. माहीम, दादर, प्रभादेवी, महालक्ष्मी, कुठूनही लोकल पकडून चर्चगेटला येता येतं. हे आधी ठरलेलं असलं की थांबणं सोपं जातं.

आणि सोमवारी उत्तर "नाही" आलं तर? तुमच्या धावण्याच्या गटातल्या लोकांना त्याच दिवशी कळवा, शुक्रवारपर्यंत लांबवू नका. जितका उशीर कराल तितके "अरे, काही होत नाही, चल" म्हणणारे वाढतील. ती मंडळी प्रेमानेच बोलतात, पण पाय तुमचा आहे. त्यानंतर निदान दहा-बारा आठवडे टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून तीनदा करत राहा: आधी शरीराच्या वजनावर, मग पाठीवर सॅक घेऊन, त्यात पाच, सात, दहा किलो. दोन वर्षांपूर्वी ही पोटरी धरली तेव्हा दुखायचं थांबलं आणि तुम्ही पळायला लागलात, व्यायाम केला नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. या वेळची दुखापत तिथूनच सुरू झाली असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते.

मांडीच्या मागचा किंवा जांघेचा स्नायू दुखावलेल्यांनी यातली पोटरीची परीक्षा तशीच वापरू नये. बैठकीच्या हाडाजवळ, अगदी वर दुखत असेल, तर ते प्रकरण पोटरीपेक्षा बरंच लांबतं. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

तुम्ही आज संध्याकाळी एवढं करा. अनवाणी, भिंतीला दोन बोटं लावून, आधी डावा मग उजवा, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून. चार आकडे येतील. ते मला लिहून पाठवा, आणि उजव्या पायाची टाच कितव्या वेळेला खाली यायला लागली तेही. तेवढ्यावरून शनिवारी धावायचं की नाही, ते मी तुम्हाला सांगू शकेन.